वारणेचा मुलूख, घाटकोपरची झोपडी

अण्णाभाऊ साठे यांच्याविषयी बोलावयास उभा राहिलेला वक्ता, मग तो विद्यापीठातला प्राध्यापक असो वा जयंतीच्या मांडवातला कार्यकर्ता, बहुधा दोन आकड्यांनीच आरंभ करतो: शाळा दीड दिवसाची आणि कादंबऱ्या पस्तीस. या दोन आकड्यांमधले अंतर असे विलक्षण आहे की ऐकणाऱ्याने तोंडात बोट घालावे, टाळी वाजवावी आणि घरी जावे. पुष्कळसे श्रोते तसेच करीत आले आहेत. परंतु ग्रंथांच्या संख्येवरच लेखकाची प्रत ठरावयाची असेल तर एकट्या बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा हजारावर जातात, आणि शाळेचे तोंड न पाहता सुरेख रचना करून गेलेले शाहीर तर या मुलखात गावोगाव सापडतील. पोवाडा, लावणी, छक्कड, लोकनाट्य, नाटक, कथा, कादंबरी, प्रवासवर्णन आणि चित्रपटकथा इतक्या प्रकारांत ज्याची लेखणी फिरली, त्याच्या हिशेबाच्या वहीपेक्षा त्याची कारागिरी तपासणे अधिक अगत्याचे आहे. आणि ती तपासू लागले म्हणजे ध्यानात येते की हे सारे प्रकार त्याने एकाच बैठकीवरून हाताळले. ती बैठक फडावरल्या शाहिराची होती. दिवसभर राबून आलेला, अर्धपोटी, कंटाळला तर बेमुर्वतपणे उठून जाणारा श्रोता समोर आहे आणि त्याला जागचा हलू द्यावयाचा नाही, ही जी शाहिराची नित्याची परीक्षा, ती अण्णाभाऊ कादंबरीच्या पानावरही देत राहिले. त्यांच्या गुणांचा उगम तेथे आहे आणि त्यांच्या दोषांचाही.

या लेखनातला फार मोठा भाग घाटकोपरात झाला, ही गोष्ट घाटकोपरकरांनाही सदैव स्मरते असे नाही. स्थानकाच्या पश्चिमेस बाहेर पडावे, मेट्रोच्या जिन्यांवरून सांडणाऱ्या गर्दीतून आणि रिक्षांच्या रांगांतून वाट काढावी, जुन्या माणसांच्या तोंडी अजूनही आग्रा रोड असलेल्या लालबहादूर शास्त्री मार्गाच्या अंगाला लागावे, म्हणजे चिरागनगर येते. आज त्याची सर्वसामान्य ख्याती मासळी बाजारासाठी आहे. बाजाराच्या ओल्या फरशीवरून आत शिरले की गल्ल्या अरुंद होत जातात, दारांशी पाण्याची निळी पिंपे उभी दिसतात, पोटमाळ्याला टेकवलेली लोखंडी शिडी निम्मी वाट अडवून बसलेली असते आणि समोरून येणाऱ्यास अंग चोरल्यावाचून पुढे जाता येत नाही. अण्णाभाऊ येथे राहावयास आले तेव्हा हे पक्के बांधकामही नव्हते. घाटकोपर त्या काळी मुंबईच्या पोटात पुरते शिरलेले नव्हते. उपनगरांचा हा टापू मुंबई महापालिकेच्या हद्दीत आला तो १९५० साली. रुळांच्या पूर्वेस गुजराती-कच्छी व्यापाऱ्यांच्या पेढ्या, बंगले आणि देरासरे, तर पश्चिमेस डोंगर, दगडाच्या खाणी आणि देशावरून, कोकणातून, पुढे उत्तरेकडूनही पोट भरावयास आलेल्यांच्या झोपड्या, अशी ही वस्ती रुळांनी दुभंगलेली होती. त्या पश्चिमेकडल्या झोपड्यांपैकी एकीत, दोन दशकांहून अधिक काळ, साताऱ्याकडचा एक मध्यम चणीचा, सावळा माणूस संसार मांडून बसला होता आणि लिहीत होता.

त्याचा जन्म १ ऑगस्ट १९२० चा, वाळवे तालुक्यातील वाटेगावचा. तालुका तेव्हा सातारा जिल्ह्यात होता, आता तो सांगलीत मोडतो. त्याच तारखेस मुंबईत सरदारगृहात लोकमान्य टिळकांनी देह ठेवला, आणि हा योग दरसाल व्याख्यात्यांच्या इतका उपयोगी पडतो की त्याबद्दल अधिक बोलण्याची आवश्यकता नाही. मूळ नाव तुकाराम, वडील भाऊराव, आई वालुबाई, जात मांग. या शेवटल्या शब्दाचा त्या काळचा सरकारी अर्थ आजच्या वाचकास मुद्दाम सांगावयास हवा. १८७१ साली प्रथम झालेल्या आणि पुढे मुंबई इलाख्यास लागू केलेल्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याखाली माणूस गुन्हा करून गुन्हेगार ठरत नसे, तो जन्मतःच दप्तरी तसा नोंदला जाई. गावात चोरी झाली की पहिली झडती मांगवाड्याची. परगावी जावयाचे तर दाखला हवा. चावडीवर हजेरी चुकली की शिक्षा. पुढे ‘फकिरा’ कादंबरीत या हजेरीचे जे धगधगीत चित्र आले, ते ग्रंथसंशोधनातून आलेले नसून घरच्या कैफियतीतून आलेले आहे. अण्णाभाऊंच्या जन्माच्या वेळी फकिराने इंग्रजांचा खजिना लुटून आणलेल्या रुपयांच्या दोन ओंजळी बाळंतिणीच्या घरी दिल्या, अशी आख्यायिका त्यांच्या चरित्रांतून सांगितली जाते. तिची खातरजमा करण्याच्या भरीस पडण्यात अर्थ नाही. ज्या घरात अशी आख्यायिका सांगितली जाते त्या घरातला मुलगा पुढे काय लिहील, एवढे तिच्यावरून कळते.

१९३१ च्या सुमारास हे कुटुंब मुंबईस निघाले ते पायी. वाटेत काम मिळेल तेथे थांबत, मजुरी करीत ते भायखळ्यास पोहोचले. पुढे मुलाने हमाली केली, फेरीवाल्याच्या मागे ओझे वाहिले, गिरणीत काम केले. अक्षरे त्याने शाळेबाहेर मिळवली. दुकानांच्या पाट्या, भिंतीवरल्या जाहिराती आणि सिनेमाची पोस्टरे हेच त्याचे अंकलिपीचे पुस्तक होते. ज्याची अक्षरओळख सिनेमाच्या पोस्टरावर झाली, त्याच्या कादंबऱ्यांचे नायक घोड्यावर स्वार होऊनच का प्रवेश करतात, याबद्दल कित्येक समीक्षकांनी पुढे नाक मुरडले. मला मात्र ते अगदी स्वाभाविक वाटते.

मध्यंतरी तो गावी परतला आणि चुलतभाऊ बापू साठे यांच्या तमाशात शिरला. येथे वाळवे तालुक्याबद्दल दोन शब्द लिहिण्याचा मोह आवरत नाही. पठ्ठे बापूराव म्हणून ज्यांची कीर्ती झाली ते श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी याच तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे; पत्रीसरकारचे क्रांतिसिंह नाना पाटील याच तालुक्यातल्या येडेमच्छिंद्रचे. जातिवंत ब्राह्मणाने सोवळे उतरवून ढोलकीच्या फडात उभे राहावे आणि शेतकऱ्याच्या पोराने इंग्रजाचे राज्य बाजूस सारून गावोगाव आपले न्यायनिवाडे चालवावे, असा हा मुलूख. अण्णाभाऊंनी एकाकडून फड घेतला आणि दुसऱ्याच्या सभांतून बंडाची भाषा घेतली. पठ्ठे बापूरावांनी मुंबईवर लावणी रचली होती, तिच्यात नगरीच्या वैभवाची वाखाणणी होती. अण्णाभाऊंनीही मुंबईची लावणी रचली, पण तिच्यात मलबार हिलची श्रीमंती आणि परळची राबणूक एकमेकींसमोर उभ्या केल्या. गुरुस्थानी असलेल्या शाहिराला त्याच्याच चालीत उत्तर देणे हा फडाचा जुना रिवाज आहे, आणि हे उत्तर तालुक्यातल्या तालुक्यात दिले गेले.

मुंबईत माटुंग्याच्या लेबर कॅम्पात त्यांची कम्युनिस्ट पक्षाशी गाठ पडली. तेथल्या डासांवर त्यांनी गाणे रचले आणि तीच त्यांची पहिली जाहीर रचना, असे सांगतात. डासांवरून स्पेनच्या यादवीपर्यंत त्यांची मजल लवकरच गेली. १९४३ साली स्टालिनग्राडची लढाई जर्मनांच्या पराभवात संपली आणि त्याच साली अण्णाभाऊंचा ‘स्टालिनग्राडचा पोवाडा’ आला. ज्याने हिमवर्षाव जन्मात पाहिलेला नाही आणि रशियाचा नकाशाही कदाचित कामगार सभेच्या भिंतीवरच पाहिला असेल, त्याने व्होल्गाकाठचे युद्ध पानिपतच्या आणि सिंहगडच्या पोवाड्यांच्या चालीत बसवून गिरणगावापुढे उभे केले. यापाठोपाठ बंगालच्या दुष्काळावर, अमळनेरच्या गोळीबारात पडलेल्या कामगारांवर, तेलंगणाच्या लढ्यावर, काळ्या बाजारावर पोवाडे येत गेले. वर्तमानपत्र वाचता न येणाऱ्या माणसापर्यंत त्या दशकाचा इतिहास जर कोणी पोहोचवला असेल तर तो या शाहिरांनी.

१९४४ च्या सुमारास अमर शेख, द. ना. गव्हाणकर आणि अण्णाभाऊ यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. तिघांच्या प्रकृती भिन्न होत्या. अमर शेख बार्शीचे, आवाज असा की हजारोंच्या सभेला ध्वनिक्षेपक नसला तरी चालावे. गव्हाणकर रचनेत आणि संघटनेत मुरलेले. आणि अण्णाभाऊ लिहिणारे. ‘अकलेची गोष्ट’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘शेटजींचे इलेक्शन’, ‘लोकमंत्र्यांचा दौरा’, ‘माझी मुंबई’ अशी एकाहून एक सरस लोकनाट्ये या पथकासाठी त्यांनी लिहिली. जुन्या तमाशाचे त्यांनी काय केले ते पाहण्याजोगे आहे. गण ठेवला, पण गणपतीच्या जागी मायभूमीला, श्रमणाऱ्याला आणि हुतात्म्यांना वंदन आणले. कृष्ण आणि गवळणींची छेडछाड असलेली गौळण काढून टाकली. राजा-प्रधानाच्या वगात सावकार, पुढारी आणि मंत्री बसवले. सोंगाड्याला मात्र त्यांनी हात लावला नाही, कारण राज्यकर्त्याला त्याच्याच तोंडावर वेडावण्याचा परवाना मराठी समाजाने ज्याला परंपरेने दिला तो हा एकटाच इसम होता, आणि तोच अण्णाभाऊंना हवा होता. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारची, विशेषतः गृहखाते सांभाळणाऱ्या मोरारजी देसाईंची, तमाशावर आणि या पथकावर वक्रदृष्टी झाली, मनाईहुकूम निघाले, तेव्हा तमाशा या नावाऐवजी लोकनाट्य हे नाव पुढे आले आणि खेळ चालू राहिले. पुढे ज्या लोकनाट्याला पांढरपेशा प्रेक्षकाने डोक्यावर घेतले, त्याची पायवाट अशा रीतीने पोलिसांना हुलकावण्या देता देता तयार झालेली आहे.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांची ‘माझी मैना’ ही छक्कड गाजली. आज ती आंदोलनाचे गीत म्हणून ध्वनिमुद्रिकेवर वाजते आणि तिचा उत्तरार्धच लोकांच्या लक्षात असतो. परंतु तिची खरी करामत रचनेत आहे. गावी बायको ठेवून मुंबईस आलेल्या एका मजुराचा विरह सांगता सांगता, बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव यांच्यावाचून राहिलेल्या महाराष्ट्राचा विरह तो कधी होऊन बसतो, ते ऐकणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. भाषावार प्रांतरचनेची जी कैफियत आयोगापुढे शेकडो पानांत मांडली गेली, तिला घरदार सोडून आलेल्या माणसाच्या पोटातले दुःख जोडून देण्याचे काम या एका छक्कडीने केले. १९६० च्या मे महिन्यात महाराष्ट्र झाला. बेळगाव आणि कारवार बाहेरच राहिले, आणि सीमाभागात ती छक्कड अजूनही जुनी झालेली नाही.

चिरागनगरात मात्र याच सुमारास शाहीर मागे पडून गद्यलेखक पुढे येऊ लागला होता. पक्षाची धोरणे बदलली, पथक विस्कळीत झाले, तिघे आपापल्या वाटांनी गेले. आणि घरात दुसऱ्या पत्नी जयवंताबाई, मुले असा वाढता संसार होता. लेखणी हेच उपजीविकेचे साधन उरले. त्या काळी भाड्याने पुस्तके देणारी वाचनालये गल्लोगल्ली होती, त्यांना दर महिन्यास नवी कादंबरी हवी असे, आणि प्रकाशक लेखकास मोबदला देई तो एकरकमी व बेताचा. अण्णाभाऊंच्या विपुलतेचे अर्धे रहस्य या बाजारात आहे. ‘वैजयंता’, ‘चित्रा’, ‘आवडी’, ‘अलगूज’, ‘माकडीचा माळ’, ‘चिखलातील कमळ’, ‘रानगंगा’, ‘वैर’, ‘रत्ना’, ‘रूपा’, ‘चंदन’, ‘मास्तर’, ‘पाझर’ अशी नावांची रांग लागते, आणि तीतली प्रत्येक कादंबरी सारख्या तोलाची आहे असे म्हणणारा मनुष्य त्यांचा हितचिंतक नव्हे. उत्तरकाळातल्या कित्येक कादंबऱ्यांत तीच सुंदर आणि मानी नायिका, तोच बेडर तरुण, तोच विषयलंपट खलपुरुष नवीन नावे घेऊन येतात. शेवटली प्रकरणे घाईने गुंडाळलेली दिसतात. हे सारे खरे आहे. पण ज्याला महिनाअखेरचे वाणसामान कादंबरीच्या शेवटावर अवलंबून ठेवावे लागते त्याच्या घाईला, आणि पेन्शनीचा आधार असलेल्या साहित्यिकाच्या घाईला, एकाच मापाने मोजू नये.

शिवाय या बाजारू चौकटीत त्यांनी जे आणून बसवले ते मराठी कादंबरीत पूर्वी कोणी आणलेले नव्हते. ‘माकडीचा माळ’ मध्ये एका माळावर उतरलेल्या भटक्या जमातींचे जग आहे. त्यांच्या चालीरीती, त्यांचे जातपंचायतीचे कायदे, त्यांच्या आपसांतल्या भाऊबंदक्या हे सर्व आतून पाहिलेले आहे. ‘वैजयंता’ मध्ये फडातली स्त्री ही कादंबरीची नायिका आहे आणि तिच्यावर लेखकाने दया केलेली नाही, तिचा मान राखला आहे. ‘बरबाद्या कंजारी’ ही कथा मुंबईच्या झोपडपट्टीतली. तिच्यातला बाप मुलीच्या निवडीसाठी आपल्याच पंचांशी भिडतो. त्याच काळात नवकथेचे धुरीण मध्यमवर्गीय मनाचे पापुद्रे सोलून दाखवीत होते, आणि ते काम मोलाचे होते. परंतु मुंबईच्या उपनगरी डोंगरांवर लाखोंनी चढत असलेल्या वस्तीकडे त्यांच्यातल्या फारच थोड्यांची नजर गेली. १९६३ मध्ये बाबूराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती!’ हा संग्रह आला तोपर्यंत ही वाट अण्णाभाऊंच्या पायांखालून गेलेली होती.

‘फकिरा’ १९५९ ची. वि. स. खांडेकरांची प्रस्तावना, आणि अर्पण बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीस. या अर्पणाचा विचार थोडा थांबून करावयास हवा. अण्णाभाऊ आयुष्यभर लाल बावट्याचे. कम्युनिस्ट आणि आंबेडकरी यांच्यातला बेबनाव तर जगजाहीर. तरीही बाबासाहेबांच्या निर्वाणानंतर अवघ्या दोन-अडीच वर्षांत ही कादंबरी त्यांच्या लेखणीस वाहिली गेली, आणि त्याआधी २ मार्च १९५८ रोजी नायगाव-दादरकडल्या बंगाली हायस्कुलात भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटनही अण्णाभाऊंनीच केले. पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नसून दलित आणि कामगार यांच्या तळहातावर आहे, अशा आशयाचे त्यांचे त्या दिवशीचे उद्गार पुढे सर्वतोमुखी झाले. दलित आणि कामगार हे दोन शब्द त्यांनी त्या उद्गारात शेजारीशेजारी ठेवले, आणि दोन्ही छावण्यांतले हट्टी लोक आजतागायत ते वेगळे करीत बसले आहेत.

कादंबरीचा आरंभ जोगणीच्या प्रसंगाने होतो. शिगावची जोगणी पळवून आणली की जत्रेचा मान आपल्या गावास मिळतो, अशी रूढी. फकिराचा बाप राणोजी ती आणतो आणि गावच्या शिवेवर मारला जातो. गावाच्या मानासाठी मांगाने मरावे आणि मेल्यावर गावाने त्याचा अभिमान बाळगावा, पण जिवंतपणी त्यास शिवू नये, ही विपरीत व्यवस्था लेखक एका शब्दाचेही भाष्य न करता दाखवितो. पुढे दुष्काळ येतो, फकिरा माळवाडीचे धान्य लुटून उपाशी माणसांस वाटतो, हजेरीच्या अपमानावर उलटतो, आणि अखेर आपल्या माणसांना ओलीस धरलेले पाहून स्वतःहून सरकारच्या स्वाधीन होतो. फकिराचा गबऱ्या घोडा, धान्य मोजून घेतानाची बायकांची लगबग, चावडीपुढे रांगेत बसविलेली माणसे यांची चित्रे वाचकाच्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. यातली वाक्ये आखूड आहेत आणि संवाद तर फडावर उभे राहून म्हणता येतील असे. उपमा सढळ, भावना उघड्या. शांत एकांतात वाचणाऱ्यास क्वचित त्या मोठ्या आवाजाच्या वाटतील. परंतु ही कादंबरी मोठ्याने वाचून पाहावी. गावाकडे आजही दहाजणांत एकाने वाचावी आणि बाकीच्यांनी ऐकावी अशी ती लिहिली गेली आहे. १९६१ साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला आणि १९६३ मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला. त्यांच्या अन्य कथांवरही ‘वैजयंता’, ‘टिळा लावते मी रक्ताचा’, ‘डोंगरची मैना’, ‘वारणेचा वाघ’ हे चित्रपट झाले. पडद्याने त्यांना नाव दिले, झोपडी मात्र तीच राहिली.

असे असूनही, केवळ एकच रचना वाचावयाची असेल तर मी ‘फकिरा’ सांगणार नाही, ‘स्मशानातील सोनं’ ही कथा सांगेन. तिच्यातला भीमा वारणेकाठचा आहे. अंगापिंडाने जबरदस्त, कुस्तीतला. गावात भाकरी नाही म्हणून बायको व मुलीला घेऊन तो मुंबईस येतो, शहरात काम मिळत नाही म्हणून उपनगरात जंगलालगतच्या वस्तीत राहतो आणि दगडाच्या खाणीत राबू लागतो. येथवर भीमाचे आणि अण्णाभाऊंचे चरित्र फारसे निराळे नाही. मग एके दिवशी खाण बंद पडते. रिकामा भीमा ओढ्याकाठी हिंडत असता त्याला चितेच्या राखेत सोन्याची अंगठी सापडते आणि त्याच्या पोटापाण्याचा धंदा ठरतो: प्रेते जळालेल्या राखा चाळावयाच्या आणि मेलेल्यांच्या अंगावरचे उरलेसुरले सोने वेचून विकावयाचे. मेलेल्या श्रीमंतापाशी सोने असते, जिवंत गरिबापाशी काम नसते, हा हिशेब भीमा इतक्या थंडपणे करतो की वाचक आधी शहारतो आणि मग त्याचे म्हणणे खोडून काढता येत नाही म्हणून अस्वस्थ होतो. पुढे एका रात्री पुरलेल्या सावकाराचे प्रेत उकरावयास तो जातो. त्याच प्रेतावर टपलेल्या कोल्ह्यांशी त्याची झुंज जुंपते. त्या झुंजीचे वर्णन मराठी कथेत अपूर्व आहे, कारण लढणारा एक मनुष्य आणि लढणारी जनावरे यांच्यापुढचा प्रश्न त्या क्षणी एकच असतो आणि लेखक दोघांनाही सारख्याच न्यायाने वागवतो. कोल्ह्यांना हटवून भीमा प्रेताची दातखिळी पहारीने उघडतो, तोंडात बोटे घालतो, पहार निसटते आणि दाढा मिटतात. बोटे सुटतात, पण दोन बोटे अखेरीस डॉक्टरला कापून काढावी लागतात. आणि त्याच दिवशी खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. डोंगर फोडणारी बोटे त्याने मढ्याच्या तोंडी घालविलेली असतात.

घाटकोपर-असल्फ्याकडच्या टेकड्यांना खाणवाल्यांनी घेतलेले लचके ज्याने पाहिले आहेत, आणि त्याच कापल्या टेकड्यांच्या उतारांवर पुढे घरे कशी चढत गेली व पावसाळ्यात दरडी कशा कोसळल्या हे ज्याने वाचले आहे, त्याला या कथेचे स्थळ नकाशावर शोधावे लागत नाही. अण्णाभाऊंचे दोन मुलूख होते. वारणेच्या मुलखात त्यांची माणसे अन्यायाशी समोरासमोर लढतात, कारण तेथे शत्रूला नाव असते: खोत, सावकार, फौजदार. मुंबईच्या उपनगरात मात्र खाण बंद करणारा कोण, हे भीमाला कधी दिसतच नाही. म्हणून त्याची ताकद मेलेल्यांवर खर्च होते. वारणेचा पहिलवान घाटकोपरच्या खाणीत आणून उभा केल्यावर अण्णाभाऊंना जे दिसले, ते त्यांच्या कोणत्याही बंडखोर नायकाच्या कथेत नाही, आणि पक्षाच्या कोणत्याही ठरावातही नाही. ‘चिरानगरची भुतं’ या त्यांच्या कथासंग्रहाच्या नावात तर वस्तीच आलेली आहे. परंतु समीक्षेने त्यांना वारणाकाठी बसवून ठेवले. ग्रामीण, प्रादेशिक, दलित या खणांत त्यांची फाईल लागली आणि महानगरी हा खण त्यांच्या नावापुढे मोकळाच राहिला.

१९६१ मध्ये इंडो-सोव्हिएत कल्चरल सोसायटीच्या द्वारे त्यांना सोव्हिएत युनियनला जाण्याचा योग आला. मॉस्को, लेनिनग्राड, स्टालिनग्राड, बाकू, ताश्कंद असा तो दौरा. त्यातून ‘माझा रशियाचा प्रवास’ हे छोटेसे पुस्तक झाले. ज्या शहरावर पोवाडा रचला ते शहर अठरा वर्षांनी डोळ्यांनी पाहण्याचे भाग्य थोड्या शाहिरांना लाभते. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात त्या शहराचे नाव पालटून व्होल्गोग्राद झाले, हा इतिहासाचा खवचटपणा. पुस्तकात टीकेचा सूर जवळपास नाही. यजमानांनी दाखविले ते पाहून लेखक हरखलेला आहे. त्याबद्दल त्यांना दोष देणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे की चिरागनगरच्या नळावरून गेलेल्या माणसाला रस्त्यांची स्वच्छता आणि सर्वांना असलेले काम हीच पहिल्याने दिसणार.

अखेरच्या काळात घाटकोपर सुटले. गोरेगावच्या सिद्धार्थनगरात त्यांना घर मिळाले आणि तेथेच १८ जुलै १९६९ रोजी, एकोणपन्नासावे वर्ष पुरे होण्याआधी, त्यांचा अंत झाला. त्यापूर्वी १३ जूनला आचार्य अत्रे गेले होते. नंतर २९ ऑगस्टला अमर शेख अपघातात गेले. ज्यांच्या आवाजांनी संयुक्त महाराष्ट्राच्या सभा पेटविल्या त्यांपैकी तिघे अकरा आठवड्यांत नाहीसे झाले. उपनगरांतली शाहिरी मात्र तेथे संपली नाही. घाटकोपरच्याच पूर्वेस रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी गोळीबार होऊन दहा माणसे मारली गेली, आणि त्यानंतर चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी मुलुंडच्या झोपडीत गळफास लावून घेतला; त्या परंपरेचा हिशेब स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

सरकारने हयातीत जे दिले नाही ते मागाहून हात सैल सोडून दिले. १९८५ मध्ये त्यांच्या नावे विकास महामंडळ निघाले, २००२ च्या १ ऑगस्टला चार रुपयांचे टपाल तिकीट निघाले, भायखळ्याच्या राणीबागेतल्या नाट्यगृहास त्यांचे नाव आहे, २०२२ मध्ये मॉस्कोतल्या परकीय साहित्याच्या ग्रंथालयात त्यांचा अर्धपुतळा बसला, आणि चिरागनगरातही स्मारकाची घोषणा झालेली आहे. १ ऑगस्टला तेथे पिवळे झेंडे लागतात, हलग्या कडाडतात, बाया-माणसे लेकरांना घेऊन लांबून येतात. त्यांच्यातल्या पुष्कळांच्या घरी ‘फकिरा’ ची प्रत असते. पुण्याच्या प्रकाशकांनी तिच्या आवृत्त्या कधी खंडू दिल्या नाहीत, आणि अभ्यासक्रमांवर विसंबून न राहता ती खपत आली आहे.

स्मारकाच्या खर्चातला एक अल्पसा अंश बाजूस काढून त्यांच्या मुंबईवरील कथा, मुंबईची लावणी, ‘माझी मुंबई’ हे लोकनाट्य आणि ‘चित्रा’ ही कादंबरी एका खंडात, पाठ तपासून, कालक्रमाने छापली तर घाटकोपरचा अण्णाभाऊ प्रथमच सलग वाचावयास मिळेल. त्या खंडाच्या आरंभी लावणी असावी असे शाहिरीचे चाहते म्हणतील आणि त्यांचा आग्रह रास्तही आहे; माझे मत विचाराल तर पहिले पान भीमाला द्यावे.